बारा लाद्या

ओग्दोला मोजायची खोड होती. गोठ्यात गाई दोनच, तरी ती रोज संध्याकाळी दोन्ही मोजायची. सुनेने चुलीवर वाळत घातलेले मोजे, तळघरातले मासे, नातीच्या टोपीचे गोंडे, तिच्या तावडीतून काही म्हणजे काही सुटायचं नाही. सरकारी गोठ्यावर तीस वर्षं दूध काढलेल्या बाईची खोड ती, तिथे संध्याकाळी एक वासरू कमी भरलं की सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. मुलगा बोलोत चेष्टेने म्हणायचा की आई देवाघरी गेली तर आधी दारात उभी राहून आतली माणसं मोजेल आणि मग चहा मागेल.

त्यामुळे तीन आठवड्यांच्या खोकल्यातून उठून डिसेंबरात ती पहिल्यांदा घरामागे गेली, तेव्हा बर्फाच्या ढिगापुढे तिचे ओठ आपोआप हलायला लागले. एक्केचाळीस. तिने पुन्हा मोजलं. उणे सेहेचाळीसात उभं राहून दोनदा मोजणं हा काही शहाणपणा नव्हे, पण तिने तिसऱ्यांदाही मोजलं. एक्केचाळीसच.

या गोठलेल्या उत्तरेत नळ नव्हता की विहीर, घराला वर्षाला बर्फाच्या शंभर लाद्या लागायच्या. तळं नोव्हेंबरात दीड वीत गोठलं की सगळं गाव करवती घेऊन जायचं, पत्र्याच्या ट्रंकेएवढ्या लाद्या कापायचं आणि ट्रॅक्टरवर लादून घरोघरी पोचवायचं. तेच वितळवून पुढे मे संपेपर्यंतचं पाणी. चार माणसांच्या घरात एक लादी दोन दिवस पुरते. हा हिशोब ओग्दोच्या सासूने तिला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात शिकवला होता, आणि त्यात आजवर कोणाला खोट काढता आली नव्हती. ओग्दोचा नवरा होता तोवर त्याने शंभर आणल्या. तो गेल्यावर बोलोतने शंभर आणल्या. तीन आठवड्यांत अकरा वितळवल्या असतील, म्हणजे मागे एकोणनव्वद तरी दिसायला हव्या होत्या.

चोरी झाली म्हणावं तर बर्फ कोण चोरणार? गावात कुलूप आहे ते फक्त दुकानाला, आणि तेही गोठून बसतं म्हणून निम्म्या वेळी नुसतं अडकवलेलं असतं. बर्फ चोरणाऱ्याला लोकांनी मारलं नसतं, हसून हसून गावातून घालवलं असतं.

म्हणजे यंदा आणल्याच बावन्न. बावन्न लाद्या म्हणजे एकशे चार दिवस. ओग्दोने बोटांवर दिवस सरकवले आणि ती फेब्रुवारीच्या अखेरीला येऊन थांबली. त्यापुढे या घरात कोणी पाणी पिणार नव्हतं की काय?

यंदा ती तळ्यावर गेली नव्हती. एरवी दरवर्षी काठावर मोठं पातेलं लावून घोड्याच्या मटणाचा रस्सा करायची ती तीच, आणि कोणाच्या घरी किती लाद्या जातात हे पातेल्याशी उभ्या उभ्या मोजायचीही तीच. यंदा खोकला होता. तसा तेव्हा फार नव्हता. पण सून तुयारा म्हणाली, आई, तुम्ही घरीच थांबा, मी करते रस्सा. बोलोतनेही री ओढली. ओग्दोला तेव्हा इतकं बरं वाटलं होतं की तिने आपल्या जिवाभावाच्या मैत्रिणीपाशी, अकुलिनापाशी, सुनेचं तोंडभरून कौतुक केलं होतं. अकुलिनाने ते ऐकून घेतलं होतं आणि लगेच उठून चुलीत लाकूड घातलं होतं. चूल चांगली धडधडत होती, त्यात लाकूड कशाला घातलं, हे ओग्दोला आत्ता आठवलं.

बोलोत दुपारी घरी आला. तो शाळा तापवणाऱ्या गावच्या बॉयलरवर कोळसा घालायच्या कामाला होता, आणि आला की आधी अर्धी किटली चहा प्यायचा. ओग्दोने त्याला दुसरा कप होऊ दिला, मग सहज विचारल्यासारखं विचारलं की लाद्या कमी कशा. बोलोत म्हणाला, यंदा तळ्याचा आपल्याकडचा भाग गढूळ निघाला, मागाहून आणू. आणि त्याने चहात साय घातली. ती आधीच घातलेली होती.

मागाहून आणू म्हणे. डिसेंबरात तळ्यावरचा बर्फ मांडीएवढा होतो, करवत पाण्यापर्यंत पोचत नाही, आणि लादी निघाली तरी ती चार गडी उचलू शकत नाहीत. हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. बोलोत दहा वर्षांचा असल्यापासून बापाच्या बरोबर बर्फ कापत होता. खोटं बोलायचंच तर माणसाने निदान आईसाठी थोडी मेहनत घ्यावी, असं तिच्या मनात आलं. तुयारा एकच कप पुसत उभी होती. कुठेतरी पाणी मुरत होतं हे नक्की, आणि ते कुठे मुरतंय ते या घरात कळणार नव्हतं.

तिने कोट चढवला, रेनडियरच्या कातड्याचे बूट घातले, तोंडावरून शाल गुंडाळली आणि तिसऱ्या घरी, अकुलिनाकडे गेली.

अकुलिना आणि ती एकाच वर्षी सरकारी गोठ्यावर लागल्या होत्या. तीस वर्षं शेजारी शेजारी बसून दूध काढलं होतं. ओग्दोचा नवरा तळ्यात गेला त्या वर्षी अकुलिना महिनाभर तिच्या घरी झोपायला येत होती, आणि अकुलिनाचं मूल राहिलं नाही तेव्हा ओग्दोने तिला हाताने भरवलं होतं. दोघी एकमेकींना वाटेल ते बोलायच्या. गावात कोणी म्हणायचं, ह्या दोघींचं एका डोक्यात मावतं, दुसरं डोकं नुसतं टोपी घालायला.

अकुलिना गोठ्यात होती. ओग्दो आत आली तशी ती दचकली, आणि ओग्दोचा खोकला कसा आहे, बाहेर कशाला पडलीस, साय खातेस का, असं सगळं एका दमात विचारून मोकळी झाली. तिच्या तीन गाईंच्या पलीकडे, भिंतीशी, चौथीची जागा केलेली होती. खांब नवा होता, साल कालपरवाच सोललेली. खाली कोरडं शेण थापून जमीन उबदार केली होती.

"गाय घेतेस?" ओग्दोने विचारलं.

अकुलिना म्हणाली, बघू, विचार चाललाय. ओग्दोने खांबाला हात लावून पाहिला. जन्मभराची सवय, सल्ला दिल्याशिवाय राहवेना. ती म्हणाली की आडवं लाकूड फार खाली बसवलंय, इथे ठेंगणी गायच मावेल, आमच्या मंगाससारखी. अकुलिनाने उगाचच जवळच्या गाईच्या पाठीवर हात फिरवला, आणि मग म्हणाली की चल ना, घरात बसू.

घरात जायला अंगणातून जावं लागायचं. अंगणात अकुलिनाचा बर्फाचा ढीग होता, आणि ओग्दोचे ओठ हलायला लागले. अकुलिना आणि तिचा नवरा प्रोकोपी, माणसं दोन. दोन माणसांना लादी चार दिवस जाते. दरवर्षी पन्नास आणायचे. आतापर्यंत पाचेक संपल्या असतील, म्हणजे राहिल्या पंचेचाळीस.

ढिगात सत्तावन्न होत्या.

"पाहुणं कोण येणार आहे गं?" तिने विचारलं. खरं तर ती तेव्हाही थोडी खूशच झाली होती. अकुलिनाच्या घरी कोणी यायला हवंच होतं, दोघंच म्हातारी.

मग तिने आणखी एक हिशोब केला. बारा लाद्या जास्त. एका माणसाला लादी आठ दिवस पुरते. बारा आठे शहाण्णव. फेब्रुवारीअखेरपासून शहाण्णव दिवस म्हणजे जूनचा पहिला आठवडा, तळं सुटतं तो. एक माणूस, मार्च ते मे. आणि एक ठेंगणी गाय.

तिला एकदम बसावंसं वाटलं, पण अंगणात बसायला काही नव्हतं. ज्या माणसाला येत्या उन्हाळ्यापर्यंत पाणी लागणार होतं ते माणूस इथे अंगणात उभं होतं, आणि ते इथे राहायला येणार आहे हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. शालीच्या आत तिचा चेहरा तापला. इतक्या थंडीत चेहरा तापू शकतो हे तिला माहीत नव्हतं.

"त्या बारा माझ्या," ती म्हणाली.

अकुलिनाने मान खाली घातली. तिच्या पापण्यांवरचं दंव पांढरं झालं होतं. "फेब्रुवारीत जाणारेत ते," ती म्हणाली. "शहरात. बोलोतला तिकडच्या बॉयलरवर काम मिळालंय, वसतिगृहात एक खोली आहे. तिघं कशीबशी मावतात. तुझं नाव जिल्ह्याच्या वृद्धाश्रमात घालायचं म्हणत होते. मीच म्हटलं, तिकडे नका टाकू तिला, मला द्या. मी मागून घेतलं तुला."

"गाय मागतात तसं."

"तसं नव्हे गं. तुझ्याच भल्यासाठी."

"मला विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून नाही विचारलंस," ओग्दो म्हणाली.

अकुलिना रडायला लागली. म्हणाली की महिनाभर रोज सांगायचं ठरवत होते, पण बोलोतने शपथ घातली होती, आईचा रक्तदाब चढतो, डॉक्टरने ताण द्यायचा नाही म्हणून सांगितलंय, नव्या वर्षानंतर तोच सांगणार होता. ओग्दोने ते सगळं ऐकून घेतलं. सरकारी गोठ्यावर अकुलिनाच्या हातून दुधाचं पिंप सांडलं होतं तेव्हा ओग्दोने ते आपल्या अंगावर घेतलं होतं, आणि आज तीच बाई सल्ले ऐकत उभी राहिली होती, ओग्दोच्याच गाईच्या जागेबद्दलचे. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. ती घरात गेली नाही. साय खायला तर नाहीच नाही.

रात्रीचं जेवण व्हायच्या आत तिने बोलोतला गाठलं असं नाही. जेवत्या माणसाशी भांडायचं नाही हे तिने आयुष्यभर पाळलं होतं, मग माणूस कसाही असो. बोलोतने मासा संपवला, हाडं वेगळी काढली, बोटं पुसली. आठ वर्षांची नात सायिना ताटावरून उठत नव्हती. या पोरीचे कान सगळीकडे असायचे, आणि ऐकलेलं सगळं आजीच्या अंथरुणात शिरून ती आजीच्या कानात ओतायची, वर्गात कोणी मार खाल्ला, आईने कुठली बशी फोडून लपवली, अगदी सगळं. तुयाराने तिला आतल्या खोलीत पाठवलं. खोल्यांमधला नुसता पडदा होता, पण पाठवलं.

मग ओग्दोने विचारलं.

"तळ्यावर प्रत्येकाला विचारतात, कोणाच्या घरी किती. तुझी पाळी आली तेव्हा तू काय सांगितलंस?"

बोलोतने तुयाराकडे पाहिलं. मग टेबलाकडे. "आमच्याकडे बावन्न," तो म्हणाला.

"आणि?"

"आणि आईच्या बारा प्रोकोपीकाकांकडे."

"सगळ्यांसमोर?"

"सगळेच होते तिथे, आई."

"मग कोण काय म्हणालं?"

"कोणी काही नाही," तो म्हणाला. "लाद्या ट्रॅक्टरवर भरल्या."

पुढचं सगळं तुयाराच बोलली, आणि ती पाठ केल्यासारखं बोलली. शाळा इथे चौथीपर्यंतच राहणार, पुढे सायिनाला वसतिगृहात टाकायचं का? बॉयलरच्या कामात बोलोतची छाती गेली, तिकडचा बॉयलर गॅसचा आहे. आईंना न्यायचंच आहे, मोठी खोली मिळाली की लगेच. घराचंही ठरलं होतं. रिकामं घर इथे एका हिवाळ्यात उकलतं, त्यापेक्षा तुयाराचा भाऊ मार्चमध्ये येऊन ओंडके सुटे करील, एकेकावर आकडा घालील आणि आपल्या गावी नेऊन उभं करील. त्याला तीन पोरं आहेत आणि घर नाही. दुसरी गायही तोच नेणार. यात वाईट काय आहे, असं तिने शेवटी विचारलं, आणि तिला ते खरंच कळत नव्हतं असं तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

ओग्दो म्हणाली, "बारा लाद्या जूनपर्यंत पुरतात. जूनमध्ये मोठी खोली मिळते का?"

बोलोत म्हणाला की तू रागावशील हे माहीत होतं म्हणूनच सांगितलं नाही, चार महिने घरात तोंड पाडून बसली असतीस. ओग्दोने त्याच्याकडे नीट पाहिलं. छत्तीस वर्षांचा बाप्या, जन्मला तेव्हा चुलीजवळ टोपलीत ठेवून जगवला होता, बाहेर उणे सत्तावन्न होतं. त्याने आपलं घर सुनेच्या भावाला दिलं, गाय अकुलिनाला दिली आणि आईही देऊन टाकली. तिला खूप काही बोलायचं होतं. पण ती एवढंच म्हणाली की तुला जायचं तर जा, घर माझ्या नवऱ्याने बांधलंय, ओंडक्यांवर आकडे घालायला कोणी आलं तर मी आत असेन.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर, म्हणजे दहाच्या सुमाराला, तिने घसरगाडी बाहेर काढली आणि पहार घेतली.

लादी एका बाईला उचलण्याजोगी नसते. तिने अकुलिनाच्या अंगणात ढिगावरून एक लादी खाली सरकवली, पहारीने तिचे चार तुकडे केले, दोन तुकडे गाडीवर घातले आणि दोर खांद्यावर घेतला. तिसऱ्या घरापासून आपल्या घरापर्यंत. एका लादीला दोन खेपा. बारा लाद्यांना चोवीस. उणे एकोणपन्नास होतं, हवेत श्वासाचं धुकं जागच्या जागी उभं राहत होतं, आणि तिच्या मागे गावभर कळत होतं की ओग्दो कुठून कुठे गेली. त्या थंडीत शाळा बंद होती, माणसं घरात होती. खिडक्यांच्या काचांवर बर्फाचा थर होता, आणि त्या थरात ठिकठिकाणी अंगठा टेकवून कोणी कोणी वाटोळं भोक पाडलेलं तिला दिसत होतं. बघा, असं तिला म्हणावंसं वाटलं. तळ्यावर बघत होता ना, आताही बघा. तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेलं सगळं गाव एका डोळ्याने तिच्याकडे बघत होतं.

प्रोकोपी बाहेर आला. पंचाहत्तरीचा म्हातारा, हातात स्वतःची पहार घेऊन आला. मी फोडून देतो म्हणाला. ओग्दोने तोंडावरची शाल न काढता सांगितलं की तुम्ही आणून ठेवल्यात एवढे उपकार पुरे झाले. तो तसाच उभा राहिला आणि नाक पांढरं पडायला लागल्यावर आत गेला. अकुलिना बाहेर आली नाही. तिच्या खिडकीला भोक नव्हतं.

पहिल्या दिवशी साडेचार लाद्या झाल्या. अंधार पडायच्या आत तिने मंगासचं दूध काढलं, चुलीत लाकडं घातली, आणि सगळ्यांच्या ताटात वाढलं. दुसऱ्या दिवशी बोलोत कामाला गेला नाही. तो तिच्या मागोमाग आला आणि तिच्या खांद्यावरचा दोर त्याने धरला. ओग्दोने दोर सोडून दिला आणि रस्त्यात उभी राहिली. तो चार पावलं ओढत गेला, मागे वळून बघितलं, ती हलत नव्हती. तो परत आला. आई, असं करू नकोस, लोक बघतात, असं म्हणाला. ती त्याच्या हाताकडे बघत राहिली. शेवटी त्याने दोर खाली ठेवला. तिने उचलला.

आपण काय करतोय हे तिला कळत नव्हतं असं नाही. एकट्या माणसाचं घर इथे दोन दिवसांत गोठतं. चूल चार चार तासांनी खायला मागते, लाकूड फोडावं लागतं, गाईला तळ्यावर गुरांसाठी फोडलेल्या गढूळ खड्ड्याशी नेऊन पाणी पाजावं लागतं, आणि एखाद दिवशी ताप भरला तर चुलीला सांगता येत नाही की आज थांब. मार्चमध्ये कदाचित अकुलिनाच्या दारात जावंही लागेल. पण मग ती आपल्या पायाने जाईल, आपली गाय दोराने धरून, आणि बर्फ आपला आपण ओढत. कोणीतरी ट्रॅक्टरवर घालून पुढे पाठवलेली म्हणून जाणार नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी खोकला परत आला तरी चालेल असं तिला वाटत होतं, आणि तो आलाच होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला शेवटची लादी झाली. ओग्दोने आपल्या घरामागे ते तुकडे रचले आणि मोजले. मग उरलेला जुना ढीग मोजला. मग दोन्ही मिळून मोजले. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिला जरा मोकळा श्वास घ्यावासा वाटला, पण खोकल्याने तो घेऊ दिला नाही.

घराच्या कोपऱ्याशी सायिना उभी होती. कोटावर कोट, डोळे तेवढे दिसत होते. ती केव्हापासून उभी होती कोण जाणे. तीन दिवस तिला बाहेर सोडलं नव्हतं. ओग्दोला वाटलं, ही तेवढी आली. आता कानात सांगेल, आई काय म्हणाली, बाबा काय म्हणाले. घरात एक तरी माणूस आपल्या बाजूचं आहे, एवढ्या विचारानेच तिला बरं वाटलं. तिने पोरीला जवळ बोलावलं.

सायिना आली आणि तिने ढिगाकडे पाहिलं.

"आजी, एक राहिली," ती म्हणाली. "तेरावी. प्रोकोपी आजोबांनी गोठ्यामागे वेगळी ठेवलीय, तुला दिसली नसेल."

"बारा होत्या बाळा."

"बाबांनी बारा सांगितल्या. मी म्हटलं, आजीला चहा जास्त लागतो, बारा पुरणार नाहीत. तर सगळे हसले आणि अजून एक दिली." ती जरा थांबली. "मी भांडून घेतली तुझ्यासाठी."

ओग्दोने दोर गुंडाळायला घेतला होता. तो हातात तसाच राहिला.

"तू तळ्यावर होतीस," ती म्हणाली.

"शाळेतून सगळेच गेलो होतो. बाबा म्हणाले, आजीला सांगितलंस तर ती आजारी पडेल. मी कोणाला म्हणजे कोणालाच नाही सांगितलं. तुला पण नाही." तिचा आवाज शाबासकी मागणारा होता.

ओग्दोने मोजलं. बर्फ कापला त्या दिवसापासून आजपर्यंत सव्वीस रात्री. सव्वीस रात्री ही पोर आपले गार पाय तिच्या पोटऱ्यांना लावून झोपली होती, आणि मार खाल्लेल्या पोरांची, फुटलेल्या बशांची नावं तिच्या कानात सांगत होती. बोलोतने फसवलं, अकुलिनाने फसवलं, ते तिने तीन दिवस बर्फ ओढून कसंतरी अंगाबाहेर टाकलं होतं. हे कुठे टाकावं ते तिला समजेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि इथे बाहेर रडणं परवडत नाही, पापण्या लगेच एकमेकींना चिकटतात. तिच्याही चिकटल्या.

सायिनाने हातमोजा काढला आणि उघडा तळवा आजीच्या डोळ्यांवर धरला, तिला शिकवलं होतं तसा. तळवा गरम होता. ओग्दोने तो बाजूला केला, मोजा चाचपून पुन्हा तिच्या हातात चढवला आणि मनगटाशी नाडी घट्ट बांधली.

"घरात जा," ती म्हणाली. "आणि आज रात्री आईजवळ झोप."